साडेबाराचं ऊन आणि उरलेले एकवीस किलोमीटर

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर हाफ आयर्नमॅनच्या दिवशी साडेअकरा-बाराच्या सुमारास दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक शर्यत संपवून, गळ्यात पदक घालून मांडवाच्या सावलीत पाय पसरून बसलेला असतो. दुसरा त्याच वेळी सायकल स्टँडला अडकवून, पायमोजे झटकून, बुटाच्या नाड्या आवळत असतो. त्याचं पळणं अजून सुरूच व्हायचंय. दोघांनी एकच शुल्क भरलं, एकाच समुद्रात उडी घेतली. पण दोघांच्या वाट्याला आलेलं हवामान एक नाही. पहिल्यानं सकाळची शर्यत केली. दुसरा आता दुपारची करणार आहे.

हाफ आयर्नमॅन, म्हणजेच ‘सेव्हन्टी पॉइंट थ्री’, यात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं एकापाठोपाठ एक असतं. एकूण ११३ किलोमीटर, मैलांत ७०.३. वेळेची मर्यादा साधारण साडेआठ तासांची. गोव्यात ही शर्यत पहिल्यांदा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली, कोविडची दोन वर्षं सुटली आणि २०२२ पासून ती पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरू लागली. पुढची मंडळी साडेचार-पावणेपाच तासांत मोकळी होतात. २०२४ मध्ये बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी ती पूर्ण केली, ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत. म्हणजे साडेआठ तासांच्या मर्यादेला अडीच मिनिटं बाकी असताना! बातम्यांत ‘पहिला खासदार’ हे आलं, ते बरोबरच होतं. पण कोणी विचारलं नाही, की हा माणूस गोव्याच्या उन्हात किती वाजता पळत होता.

सकाळी सातला पाण्यात उतरलं असं धरा. पोहायला तास, कपडे-बूट बदलायला दहा मिनिटं, सायकलला पावणेचार तास, पुन्हा दहा मिनिटं. घड्याळात बारा वाजून गेले. इथून पुढे तीन तास पळायचं आणि चालायचं. पहिल्यांदा उतरणाऱ्या बहुतेकांचा हिशेब असाच असतो. त्यांना मिळणारा सल्ला मात्र बऱ्याचदा पुढच्या माणसाच्या घड्याळावर बेतलेला असतो, नाहीतर थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेला. खरी अडचण इथे आहे.

महाराष्ट्रातली आयर्नमॅनची लाट तशी युरोपातूनच आली. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये पन्नाशीत झुरिकला पूर्ण अंतराची शर्यत केली. पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ मध्ये फ्रान्समधल्या व्हिशीला केली. नाशिकची अभिनेत्री सैयामी खेर हिनं २०२४ मध्ये जर्मनीत हाफ पूर्ण केली. पुण्याचे कौस्तुभ राडकर स्वतः पूर्ण अंतराच्या शर्यती करत राहिले आणि इतरांना तयारही करत गेले. कोल्हापूर, पुणे, नाशिक इथले डॉक्टर, बिल्डर, बँकवाले, पोलीस पहाटे चारला उठून सायकली काढू लागले. युरोपातल्या उन्हाळ्यात ऊन लागत नाही असं नाही. पण तिथे अंगावरचा घाम वाळतो. गोव्यात तो ओघळतो, आणि सगळा फरक त्यातच आहे.

पळताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा हालचालीला लागतो. उरलेली सगळी उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकायचा माणसाकडचा मोठा मार्ग म्हणजे घामाचं बाष्पीभवन. एक लिटर घाम उडून गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. सत्तर किलोचा माणूस तासाला नऊ किलोमीटरच्या संथ चालीनं पळत असेल, तर लिटरभर घामात त्याचं काम भागायला हवं. अट एकच, तो उडून जायला हवा. हनुवटीवरून रस्त्यावर टपकलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मात्र तिथेच ठेवतो.

नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात त्याच्या खिडकीतला कूलर वाळ्याच्या पडद्यावर पाणी सोडून खोली गार करतो. तोच कूलर पणजीला नेऊन लावला, तर खोली दमट करण्यापलीकडे काही करणार नाही. हिशेब मांडला तर असा: नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा साधारण २३ अंशांवर थांबेल. गोव्यात ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तो २७ अंशांच्या वर जाईल. अंगावरचा घाम त्वचेला किती गार करू शकेल याची मर्यादा हा आकडा सांगतो. म्हणून ‘बत्तीसच तर आहे, आपल्याकडे बेचाळीस असतं’ असं म्हणत सोलापूर-अकोल्याहून गोव्याला निघालेल्या माणसाला जरा थांबवावं.

अमेरिकी मरीन सैनिकांच्या पॅरिस आयलंड तळावर प्रशिक्षणार्थी उष्माघातानं कोसळत, त्यातून १९५० च्या दशकात एक मोजमाप तयार झालं. ओल्या थर्मामीटरच्या आकड्याला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्यात बसवलेल्या, म्हणजे ऊन मोजणाऱ्या थर्मामीटरला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के. जगभरच्या शर्यतींचे वैद्यकीय अधिकारी आजही हाच आकडा पाहतात. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये आपण जे तापमान बघतो, त्याला या हिशेबात रुपयात दहा पैशांची किंमत आहे.

उन्हापुढे मोठमोठे कसलेले खेळाडूही आडवे झाले आहेत. हवाई बेटावरच्या कोना इथली जागतिक स्पर्धा पॉला न्यूबी-फ्रेझर हिनं आठ वेळा जिंकली. १९९५ मध्ये, सात विजेतेपदं खात्यावर असताना, ती पुन्हा पुढे होती. मागून कॅरन स्मायर्स जवळ येत होती, म्हणून पॉलानं शेवटची पाण्याची टेबलं न थांबता ओलांडली. अंतिम रेषा काहीशे मीटरवर राहिली असताना ती भेलकांडू लागली, रस्त्यावर बसली, मग आडवीच झाली. स्मायर्स पुढे निघून गेली आणि जिंकली. वीसेक मिनिटांनी पॉला उठली, चालत गेली आणि चौथी आली. पाण्याच्या टेबलापाशी वाचवलेले सेकंद तिला वीस मिनिटांना पडले.

दुसरा प्रसंग मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाचा, सप्टेंबर २०१६ चा. दमट उकाड्यात जॉनी ब्राउनली आघाडीवर होता आणि शेवटच्या किलोमीटरमध्ये त्याचे पाय दारुड्यासारखे पडू लागले. मागून आलेल्या थोरल्या भावानं, ॲलिस्टरनं, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला रेषेपलीकडे ढकललं. तो व्हिडिओ जगभर भावाच्या प्रेमाचं उदाहरण म्हणून फिरला. प्रेम होतंच, पण त्यातली खरी बातमी शरीराची होती. ऑलिम्पिक पदकविजेता, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, अवघ्या दोन तासांच्या शर्यतीत उकाड्यानं कोसळला होता. २०१९ मध्ये दोहाला जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी ६८ पैकी २८ जणींनी ती अर्ध्यावर सोडली. रात्र होती, ऊन नव्हतं, दमटपणा होता.

या सगळ्यांचा अभ्यास आयुष्यभराचा. मग कोथरूडहून किंवा कोल्हापूरच्या राजारामपुरीतून पहिल्यांदा निघालेल्यानं काय करावं?

आधी एक सवय तपासावी. आपल्याकडचा बहुतेक सराव पहाटेचा असतो. नोकरी, दुकान, दवाखाना सांभाळायचा, म्हणून साडेचारला उठून सातपर्यंत पळणं-सायकल उरकायची. त्यात गैर काही नाही. पण असा माणूस सहा महिने घाम गाळतो आणि शर्यतीच्या दिवशी त्याचं शरीर आयुष्यात पहिल्यांदा दुपारी एक वाजता पळतं. फुप्फुसं तयार, मांड्या तयार, आणि त्वचेला मात्र भर उन्हातल्या कामाची ओळखच नाही.

ही ओळख करून देता येते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींनी शिकवलं. जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खोल खाणींत कामगार उष्माघातानं मरत होते. १९३० च्या दशकात तिथे डॉ. आल्डो ड्रेओस्टी यांनी नव्या कामगारांना ठरावीक दिवस उष्ण दमट जागेत काम देऊन तयार करण्याची पद्धत बसवली. आज ठाऊक आहे ते असं: उन्हात रोज तासभर ते दीड तास काम केलं, तर तीन ते पाच दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो आणि त्याच कष्टाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. त्यानंतरच्या दिवसांत घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बदल पक्का होतो. ऊन सोडलं की तो आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरायलाही लागतो, म्हणून ऑगस्टमधली कमाई ऑक्टोबरला कामी येत नाही. अमेरिकेत कामगारांसाठीचा संकेत असा आहे, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण पाळीच्या २० टक्केच द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. आपल्याकडच्या रस्त्याच्या नि उसाच्या कामावर असलं काही कोणी पाळत नाही. ते एक वेगळंच दुखणं आहे.

नोकरदाराला दोन आठवडे रोज दुपारी बाराला पळायला कोण सोडणार? मध्यममार्ग आहे. शर्यतीआधीच्या तीन आठवड्यांत शनिवार-रविवारचा हलका सराव सकाळी दहा-अकराला ढकलावा. घरातला सायकल-ट्रेनर पंखा बंद करून चालवावा. तिसरी युक्ती वेल्समधल्या बँगॉर विद्यापीठाच्या अभ्यासातली आणि आपल्या घरांना मानवणारी: सराव झाल्यावर लगेच ४० अंशांच्या पाण्यात, जमेल तेवढा वेळ, जास्तीत जास्त ४० मिनिटं गळ्यापर्यंत बसायचं, सलग सहा दिवस. तिथल्या धावपटूंना एवढ्यानंही उष्णतेत फरक पडला. बाथटब नसेल तर मोठं टीप चालेल, अभ्यंगस्नानाचे दिवस तसेही जवळ आलेले असतात. घरात कोणीतरी असताना करावं आणि उठताना सावकाश उठावं, घेरी येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात डेंग्यू, जुलाब, व्हायरल ताप घरोघर असतात. त्यातून नुकत्याच उठलेल्या माणसाला उष्माघाताचा धोका जास्त. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये.

पोहण्याबद्दल फार लिहायला नको. उन्हाचा प्रश्न तिथे सर्वांत लहान. नियमानुसार पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर वेटसूट घालून पारितोषिक मिळत नाही आणि २८.८ च्या वर वेटसूटला बंदीच. गोव्याचा समुद्र त्या दिवसांत उबदार असतो, म्हणजे पोहायला वेटसूटचा आधार नाही असं धरूनच तयारी करावी. तरणतलावात शंभर फेऱ्या मारणाऱ्यालाही खारट पाणी, लाटा आणि अधूनमधून लागणारे जेलीफिश यांची सवय नसते. ती मालवणला चिवला किनाऱ्यावर किंवा मुंबईत गेटवेच्या पोहण्यांत होते. पाण्याबाहेर येताना मात्र एक लक्षात असू द्यावं: समुद्रात तासभर घाम आलेला असतो, तो दिसलेला नसतो.

सायकल. इथेच शर्यत बिघडते, फक्त कळतं पळताना.

नऊ-दहा वाजेपर्यंत तासाला २५-३० किलोमीटरचा वारा अंगावर येत असतो, घाम लगेच उडतो, बरं वाटतं. शेजारून कोणीतरी कार्बनच्या सायकलवर सूं करून निघून जातो आणि आपलाही पाय जड पडतो. याच तासांत शरीर थोडी थोडी उष्णता साठवत असतं. त्वचेला गार ठेवायला जास्त रक्त तिकडे जातं, स्नायूंना कमी उरतं, म्हणून वेग तोच ठेवला तरी हृदयाचे ठोके दर तासाला चढत जातात. ज्याच्याकडे ठोके दाखवणारं घड्याळ आहे त्यानं पहिल्यांदा उतरताना वेगाकडे बघूच नये, ठोक्यांकडे बघावं आणि ते चढू लागले की गिअर हलका करावा. सायकलीवर मुद्दाम घालवलेली पंधरा मिनिटं पळताना परत मिळतात, बऱ्याचदा व्याजासकट. दुपारी एक वाजता चालणाऱ्याला किलोमीटरमागे बारा मिनिटं लागतात, पळणाऱ्याला आठ. फरक किती पडतो याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. सायकली आदल्या दिवशीच आयोजकांच्या ताब्यात द्याव्या लागतात आणि त्या दुपारभर उघड्यावर तापतात. जाणती मंडळी सायकल ठेवताना चाकातली थोडी हवा काढून टाकतात आणि पहाटे पंपानं पुन्हा भरतात. नाहीतर त्या रांगांमधून फटाक्यासारखा एखादा आवाज येतो आणि आजूबाजूचे सगळे आपापलं चाक चाचपायला धावतात.

पाणी किती प्यावं, यावर जितकी मतं तितके गट. लाखभराची सायकल घेणारा माणूस घरातल्या वजनकाट्यावर उभा राहत नाही, हे नवल आहे, कारण उत्तर तिथे आहे. शर्यतीसारख्या उन्हात, शर्यतीच्या वेगानं तासभर पळावं. आधी आणि नंतर अंग पुसून, कोरड्या अंगानं वजन घ्यावं. समजा ६८.४ किलोचे ६७.३ झाले आणि मध्ये ४०० मिलिलिटर पाणी प्यायलं. तर त्या तासात दीड लिटर घाम गेला. हा आकडा माणसागणिक दुपटीनं बदलतो. एकाच घरातल्या दोन भावांचा सारखा येत नाही, मग मित्राच्या बाटलीचं माप आपल्याला कसं लागू पडेल?

दीड लिटर गेला म्हणून दीड लिटर प्यायचं, असंही नाही. पोटाला तेवढं पुढे ढकलता येत नाही, ते डुचमळतं आणि उलटतं. वजनात दोन टक्क्यांच्या आसपास घट ही बहुतेकांना चालून जाते. उलट टोकाची चूक जास्त भयंकर आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं निघालं. त्यांनी पाणी कमी नाही, जास्त प्यायलं होतं. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू याच कारणानं दगावली. असं होतं ते हळू पळणाऱ्यांना, कारण त्यांना वेळ भरपूर मिळतो आणि प्रत्येक टेबलावर कोणीतरी प्रेमानं ग्लास पुढे करतं. शर्यतीत वजन वाढलं असेल, हाताच्या अंगठ्या घट्ट झाल्या असतील, डोकं दुखून मळमळत असेल, तर आणखी पाणी हा त्यावरचा उपाय नव्हे.

मिठाची गोष्ट बंगालकडून आलेली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून पाजायला लावलं आणि हजारोंचे प्राण वाचले. साखरेचा कण आतड्याच्या भिंतीतून आत जाताना सोडियमला आणि त्याच्यामागे पाण्याला ओढून नेतो, हे त्यामागचं गमक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या पुडीत लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. रंगीत डब्यांतली खेळाडूंची पेयं याच तत्त्वावर चालतात, त्यांत साखर जास्त आणि मीठ बरंच कमी. घामातून लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमपर्यंत, कोणाचं त्याहूनही जास्त, सोडियम जातं. काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटतात ते खारट घामवाले. त्यांनी साध्या पाण्यावर विसंबू नये. मेडिकलमधली ओआरएसची पुडी, लिंबू-मीठ-साखर, आमसुलाचं सरबत, सगळं चालतं. फक्त ते सरावात चार-सहा वेळा पोटात गेलेलं असावं. शर्यतीच्या दिवशी मोफत मिळालेलं नवं पेय पहिल्यांदा तोंडाला लावणारा पुढे झाडामागे ओणवा दिसतो.

खाण्याचंही तसंच. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं हे मान्य माप, सरावलेल्या पोटाला त्याहून जास्तही चालतात. पण उन्हात रक्त त्वचेकडे गेल्यानं पोटाकडे कमी उरतं, आणि थंड हवेत निमूट पचलेली चिक्की अडून बसते. म्हणून घन खाणं, केळं, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, हे सायकलच्या पहिल्या दोन तासांत उरकावं. पुढे पातळच बरं. उन्हात तापलेलं जेल तोंडात गेलं की कढत काकवी प्यायल्यासारखं वाटतं, ते वेगळंच.

मग बारा वाजतात आणि पळणं सुरू होतं. मिरामार-दोनापावलाच्या बाजूला झाडांची सावली तुटक, समुद्राचा वारा कधी असतो कधी नसतो, आणि डांबर खालून भाजतं. अशा वेळी ११३ किलोमीटरचा नि २१ किलोमीटरचा विचार सोडून दीड-दोन किलोमीटरवरच्या पुढच्या टेबलाचा करावा. टेबलापाशी पळणं थांबवून चालायला लागायचं. पहिला ग्लास डोक्यावर. दुसऱ्यातले दोन घोट पोटात. ओला स्पंज मानेवर. बर्फ मिळाला तर मूठभर टोपीत टाकून टोपी तशीच डोक्यावर दाबायची, मूठभर सूटच्या छातीत सोडायचा आणि एक खडा तळहातात धरून पळायला लागायचं. पाणी टिपकत राहतं, तेवढा अंगचा घाम वाचतो. पुढच्या टेबलापर्यंत बर्फ संपलेला असतो. हे सगळं चाळीस-पन्नास सेकंदांचं काम. दहा टेबलं धरली तर आठ मिनिटं. पॉला न्यूबी-फ्रेझरनं याहून कमी वाचवलं होतं.

बर्फाला अभ्यासाचंही पाठबळ आहे. २०१० च्या एका प्रयोगात ३४ अंशांच्या खोलीत धावणारे लोक आधी चुरलेल्या बर्फाचं सरबत पिऊन सरासरी ५० मिनिटं टिकले, नुसतं गार सरबत पिऊन ४१. अथेन्स ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनआधी अमेरिकी धावपटूंनी बर्फाची जाकिटं घातली होती. आपल्याकडे बर्फाचा गोळा हातगाडीवर मिळतो, फक्त बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते पाहावं. पुदिन्याच्या अर्कानं चूळ भरली तर गार वाटतं, पण अंगाचं तापमान तिळभर उतरत नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्यानं अशा फसव्या गारव्याच्या नादी लागू नये.

उष्माघात कसा ओळखायचा, याविषयीची एक जुनी समजूत जीव घेऊ शकते: ‘घाम थांबला म्हणजे ऊन लागलं.’ घरात बसलेल्या वृद्धाला ऊन बाधतं तेव्हा त्वचा कोरडी पडते हे खरं, पण पळता पळता उष्माघात झालेला माणूस बऱ्याचदा घामानं निथळत असतो. खूण घाम नव्हे, डोकं. माणूस उलट दिशेला चालू लागतो, नाव विचारलं तर अडखळतो, उगाच चिडतो, उन्हात शहारतो. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. काखेतला किंवा कानातला थर्मामीटर इथे खोटं सांगतो, गुदद्वारातूनच मोजावं लागतं. पॅरासिटामॉल उपयोगी नाही. तापात मेंदू स्वतःच पारा वर सरकवतो, इथे तसं झालेलंच नसतं. आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन उन्हात पळणं मूत्रपिंडाला महागात पडतं.

उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथ इथे दर ऑगस्टात सव्वाअकरा किलोमीटरची दमट हवेतली शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूत अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण आले. प्रत्येकाला लगेच बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या टबात गळ्यापर्यंत बुडवलं. २७४ पैकी २७४ जगले. आधी गार करायचं, मग रुग्णवाहिका, हा तिथला क्रम, आणि तापमान अर्ध्या तासात ३९ अंशांच्या खाली आणायचं हे लक्ष्य. आपल्याकडे कोसळलेल्या माणसाभोवती घोळका जमतो, कोणी तोंडात ग्लुकोज कोंबतो, कोणी तळपाय चोळतो आणि गाडी येईपर्यंत त्याला उन्हातच धरून ठेवतात. तो अर्धा तास तिथेच निघून जातो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांची सूचना-बैठक असते. कट-ऑफ, मार्गावरची वळणं, सायकलींमधलं बारा मीटरचं अंतर, हे सगळं तिथे सांगतात, आणि शेवटी कोणाला काही विचारायचं आहे का असं विचारतात. प्रश्न बहुतेक वेळा टी-शर्टच्या मापाचे असतात. पहिल्यांदा उतरणाऱ्यानं तिथे हात वर करून एवढंच विचारावं: दुपारी दोन वाजता शेवटच्या टेबलावर बर्फ उरलेला असेल का, आणि वैद्यकीय तंबूत टब भरून ठेवला आहे का?